एका तारखेची बैठक: एकाच दिवशी जन्मलेले वेगवेगळ्या शैलींचे कलावंत एकत्र कसे ऐकावेत

उस्ताद अल्लारखा यांचा तबला आणि ड्यूक एलिंग्टन यांचा जाझ वाद्यवृंद एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत का ऐकायचा? दोघांचा जन्म २९ एप्रिलचा, एवढं कारण बैठक भरवायला पुरतं. एलिंग्टन १८९९ साली वॉशिंग्टनला जन्मले, अल्लारखा १९१९ साली जम्मू भागातल्या फगवाल गावी. त्याच तारखेला १९३६ मध्ये मुंबईत पाश्चात्य वाद्यवृंदाचे कंडक्टर, म्हणजे संचालक, झुबिन मेहता जन्मले, १९३३ मध्ये टेक्सासमधल्या ॲबट या खेड्यात कंट्री संगीताचे गायक विली नेल्सन, आणि १९२२ मध्ये ब्रसेल्सला माउथ ऑर्गनवर जाझ वाजवणारे टूट्स थीलमान्स.

आपण काय ऐकायचं ते स्वतः ठरवायला बसलो की हात आवडीच्या कप्प्यातच जातो. किराणा घराण्याचा चाहता किराणाच लावतो, रॉकवाला रॉक. तारखेला कुठल्याच घराण्याची आवड-नावड नाही. ती तबलजी, कंडक्टर आणि खेडवळ गायक यांना शेजारी आणून बसवते आणि आपल्याला तिथं कान द्यावाच लागतो. त्यासाठी तयारी मात्र करावी लागते, नाहीतर हाती फक्त 'दिनविशेष' उरतो: नावं वाचली, टाळ्या वाजल्या, ऐकलं काहीच नाही. खाली दिलेली रीत घरातल्या, सोसायटीच्या हॉलमधल्या किंवा छोट्या संगीत मंडळाच्या बैठकीसाठी आहे. माणसं दहा-वीस आणि वेळ दीड तास, असं धरून चाला.

पहिली पायरी: तारीख निवडणं

ज्यांचं संगीत तुमच्या कानात मुरलेलं आहे असा एक कलावंत घ्या आणि त्यांच्या तारखेपासून सुरुवात करा. म्हणजे निदान एका माणसाबद्दल तुम्ही खात्रीनं बोलू शकाल आणि बाकीचे त्याच्या आधारानं कळत जातील. विकिपीडियावर वर्षाच्या प्रत्येक तारखेचं पान आहे. मराठीतलं पान छोटं असतं, इंग्रजीतलं लांबलचक, दोन्ही चाळा. घरात कुणाला विकिडेटावर प्रश्न लिहून माहिती काढता येत असेल तर 'या दिवशी, या महिन्यात जन्मलेले, व्यवसाय संगीत' अशी चाळणी लावली की काही सेकंदांत यादी मिळते.

भरगच्च तारखा बऱ्याच आहेत. ७ एप्रिलला पंडित रविशंकर (१९२०) आणि जाझ गायिका बिली हॉलिडे (१९१५). १६ सप्टेंबरला एम. एस. सुब्बुलक्ष्मी (१९१६), ब्लूजचे बी. बी. किंग (१९२५) आणि पॅरिसच्या थोर संगीतशिक्षिका नादिया बूलांझे (१८८७). ९ मार्चला झाकिर हुसेन (१९५१) आणि अमेरिकी संगीतकार सॅम्युएल बार्बर (१९१०). ४ फेब्रुवारीला पंडित भीमसेन जोशी (१९२२) आणि रंगमंचावर भीतीचा खेळ मांडणारे रॉक गायक ॲलिस कूपर (१९४८). शेवटची जोडी ऐकून हसू येतं, पण पहिल्याच बैठकीला ती घेऊ नका. तिथं श्रोत्यांना जोडणारं काही सापडायला फार खोदावं लागतं.

दुसरी पायरी: तारीख पडताळणं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. तारीखच चुकली तर बैठकीचा पायाच जातो, आणि संगीताच्या जगात चुकीच्या तारखा मुबलक आहेत.

आपल्या घरापासूनच बघा. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. शाळेत नाव घालताना मुलाची तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत, आणि पुढं तीच तारीख दाखल्यावर, नोकरीत, चरित्रात चढली. म्हणून एखाद्या जुन्या गायकाची किंवा तमासगिराची तारीख १ जून दिसली की थांबा आणि दुसरा पुरावा शोधा. संगणकावरच्या माहितीसाठ्यांत असाच संशय १ जानेवारीचा धरावा. जिथं फक्त साल माहीत असतं तिथं काही ठिकाणी यंत्र आपणहून १ जानेवारी भरून ठेवतं.

तिथीचा प्रश्न वेगळा. बऱ्याच जुन्या कलावंतांचा जन्म घरात तिथीनंच लक्षात ठेवलेला असतो आणि तारीख नंतर पंचांगावरून काढलेली असते. आपल्या परंपरेत वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. रात्री दोन वाजता जन्मलेल्या मुलाची तारीख काढताना म्हणूनच एका दिवसाचा फरक सहज पडतो. अशा वेळी घरचे लोक कुठला दिवस मानतात ते पाहावं आणि बैठकीत तसं सांगावं.

मध्यरात्रीचा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. विली नेल्सन जन्मले २९ एप्रिलला, मध्यरात्र व्हायच्या जरा आधी, पण सरकारी दप्तरात नोंद झाली ३० एप्रिलची. ते दोन्ही दिवस वाढदिवस मानतात. आमच्या २९ एप्रिलच्या यादीत ते बसतात, पण ही गोष्ट श्रोत्यांना सांगूनच.

जाझचे गायक आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचं उदाहरण याहून मोठं. आपला जन्म ४ जुलै १९००चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, असं ते आयुष्यभर सांगत आले. १९७१ मध्ये ते वारले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद पुढं आली, तीत जन्मतारीख निघाली ४ ऑगस्ट १९०१. आपल्यासाठी यातली आनंदाची बाब अशी की ४ ऑगस्ट हा किशोरकुमार यांचाही जन्मदिवस आहे (खांडवा, १९२९). शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गाणारे आर्मस्ट्राँग आणि मध्येच यॉडलिंग करत सुटणारे किशोरकुमार एका जुन्या वहीमुळे एका तारखेला आले. जुन्या पुस्तकांत अजून ४ जुलै छापलेलं सापडेल, म्हणून पुस्तक कोणत्या सालचं आहे तेही बघत जा.

बाप्तिस्म्याच्या नोंदी वापरताना एक काळजी घ्या: ती जन्माची तारीख असेलच असं नाही. बेथोव्हेन यांची पक्की नोंद १७ डिसेंबर १७७०ची आहे, ती बाप्तिस्म्याची. जन्म बहुधा आदल्या दिवशीचा. शोपँ यांच्या बाबतीत चर्चची नोंद २२ फेब्रुवारी १८१० म्हणते आणि घरचे १ मार्च मानत.

मग दिनदर्शिकेचा गुंता. योहान सेबास्टियान बाख २१ मार्च १६८५ला जर्मनीतल्या आयझेनाख गावी जन्मले. तिथं तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती. आजच्या हिशेबानं तो दिवस ३१ मार्च येतो. दुसरीकडं चायकोव्हस्की यांची जुनी रशियन तारीख २५ एप्रिल १८४०, आणि जग मानतं नव्या हिशेबाची ७ मे, जी योहानेस ब्राम्स यांचीही (१८३३). नियम कुठला धरायचा? माझं मत असं की ज्या तारखेला त्या कलावंताचे लोक तो दिवस साजरा करतात ती घ्यावी. बाख यांचा दिवस जगभर २१ मार्चलाच होतो, म्हणून ते २१ मार्च १९१६ला बिहारमधल्या डुमराव इथं जन्मलेल्या बिस्मिल्ला खान यांच्या शेजारी बसतात. ही जोडी तर घ्यावीच अशी आहे. एकानं लाइपझिगच्या चर्चसाठी कॅन्टाटामागून कॅन्टाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचना) लिहिल्या, दुसऱ्यानं काशीच्या बालाजी मंदिरात सनईचा रियाज केला.

शेवटी साधा दंडक: प्रत्येक नावाला दोन स्वतंत्र आधार हवेत. पाच संकेतस्थळांवर तेच वाक्य शब्दशः असेल तर तो एकच आधार समजा, कारण दिनविशेषाची सदरं एकमेकांवरून उतरवलेली असतात. कलावंताचं आत्मचरित्र, घरच्यांनी भरवलेला स्मृती कार्यक्रम, संस्थेची नोंद किंवा विश्वकोशातला लेख यांतलं काहीतरी एक बघितल्याशिवाय नाव यादीत घेऊ नका.

तिसरी पायरी: नावं कमी करणं

यादी वीस नावांची झाली तरी बैठकीत चार किंवा पाचच येऊ द्या. एका शैलीचे दोनपेक्षा जास्त नकोत. निदान एक नाव असं असावं जे खोलीत कुणी ऐकलेलं नसेल. गाणं आणि वाजवणं दोन्ही हवं.

२९ एप्रिलच्या यादीत दोन मोठे इंग्रज कंडक्टरही आहेत, सर थॉमस बीचम (१८७९) आणि सर माल्कम सार्जंट (१८९५). झुबिन मेहता घेतले की हे दोघं गाळावे लागतात. जीव हळहळतो, पण तीन कंडक्टर आणि एक तबलजी अशी बैठक एका अंगाला कलते.

चौथी पायरी: धागा शोधणं

सगळ्यात आधी एक मोह टाळा. एका तारखेची माणसं म्हणजे एका स्वभावाची, एका राशीची, असं काही मांडायला जाऊ नका. तेवीस माणसं एका खोलीत बसली तर त्यांतल्या दोघांची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे गणित सर्वमान्य आहे. जगात संगीतकार हजारोंनी आहेत, तेव्हा तारखा जुळणारच. जुळणी हे फक्त एकत्र ऐकायचं निमित्त. धागा संगीतातूनच निघाला पाहिजे. तो तीन ठिकाणी शोधावा.

पहिलं ठिकाण म्हणजे दोघांनी हाताळलेली एकच चीज. एलिंग्टन यांनी मे १९४० मध्ये 'नेव्हर नो लॅमेंट' नावाची वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली. दोन वर्षांनी बॉब रसेल यांनी तिला शब्द दिले आणि ती 'डोन्ट गेट अराउंड मच एनीमोर' म्हणून गाजली. १९७८ मध्ये विली नेल्सन यांनी 'स्टारडस्ट' या अल्बममध्ये जुनी लोकप्रिय गाणी गायली, त्यांत हेही आहे. एकाच तारखेचे दोन कलावंत, एकच चाल, मध्ये अडतीस वर्षं आणि जाझ ते कंट्री एवढं अंतर. असं सापडलं की बैठकीचा कणा मिळाला म्हणून समजा.

दुसरं ठिकाण, दोघांना जोडणारा तिसरा. अल्लारखा आणि झुबिन मेहता यांच्या मध्ये रविशंकर उभे आहेत. अल्लारखा यांनी वर्षानुवर्षं त्यांची साथ केली: अमेरिकेतल्या संगीत महोत्सवांत १९६७ला माँटेरी, १९६९ला वुडस्टॉक, आणि १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमधली बांगलादेशासाठीची मैफल. मेहता यांनी रविशंकर यांच्या सतार आणि वाद्यवृंदासाठीच्या दुसऱ्या कन्चर्टोचं (एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), 'रागमाला'चं, संचालन केलं. त्याच्या मुद्रणात वाजणारा लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद १९३२ मध्ये स्थापन केला तो गाळलेल्या बीचम यांनी. म्हणजे त्यांचं नाव घ्यायला जागा मिळाली.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात जास्त आवडतं: संगीतातला एखादा प्रश्न, जो सगळ्यांना विचारता येतो. १६ सप्टेंबरच्या जोडीत तो स्वराच्या वळणाचा आहे. सुब्बुलक्ष्मी यांच्या गळ्यातली गमक (स्वर हलवण्याची रीत) आणि बी. बी. किंग गिटारची तार बोटानं ओढून स्वर वाकवतात ती जागा लागोपाठ ऐकवा, फार समजवावं लागत नाही. २९ एप्रिलला तो प्रश्न मोजणीचा निघतो. प्रत्येक जण किती मात्रांत मोजतो?

पाचवी पायरी: क्रम लावणं (२९ एप्रिलचा पूर्ण आराखडा)

मोजणीचा धागा धरला की क्रम आपोआप लागतो: तीन, चार, पाच, सहा, सोळा.

तीन मात्रांसाठी थीलमान्स यांचं 'ब्लूझेट' (१९६२). तीनच्या वॉल्ट्झमधली हलकी, झुलती रचना. थीलमान्स गिटार वाजवताना तीच सुरावट तोंडानं शीळ घालून जोडीनं म्हणतात. माउथ ऑर्गनचे म्हणून नाव झालेले हे गृहस्थ इथं शिळेनं ओळख करून देतात. श्रोत्यांना मांडीवर 'एक-दो-तीन' मोजायला सांगा. सुरुवात सोपी झाली की लोक सैल होतात.

चार मात्रांसाठी एलिंग्टन यांचं १९४०चं मुद्रण. ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीचं असल्यानं जेमतेम तीन मिनिटांचं आहे, तेव्हा दोनदा ऐकवा. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्या, जॉनी हॉजेस अल्टो सॅक्सोफोनवर स्वर कसा ओढत नेतात तिकडं कान असू दे. दुसऱ्यांदा मोजा. रचना चार ओळींची आहे: पहिल्या दोन सारख्या, तिसरी वेगळी, चौथी परत पहिलीसारखी. मुखडा दोनदा, अंतरा, पुन्हा मुखडा, असं म्हटलं तर मराठी श्रोत्याला लगेच कळतं. प्रत्येक ओळ आठ बारांची, प्रत्येक बार चार मात्रांचा. म्हणजे एका ओळीत बत्तीस मात्रा, सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर दोन आवर्तनं, आणि पूर्ण चालीत १२८ मात्रा, आठ आवर्तनं. हे फळ्यावर लिहून दाखवा. संगीत शिकलेल्या माणसाचे डोळे इथं चमकतात.

फरक मात्र तिथंच दाखवून द्या. आपला हात पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. जाझमध्ये चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. स्वतः एलिंग्टन कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांना नेमक्या या दोन मात्रांवर चुटकी वाजवायला शिकवत. तुमच्या श्रोत्यांकडूनही करून घ्या. सवयीनं सगळे पहिल्या मात्रेवर येतील. दोन-तीनदा चुकले की मग जमतं. मोजणी तीच राहून वजन कुठं टाकलं यानं संगीताची चाल कशी बदलते, हे दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा या चुटकीनं लवकर कळतं.

लगेच विली नेल्सन यांची गायकी लावा. अडीच मिनिटांचं गाणं आहे. ते ओळ कधी मात्रेच्या मागून सोडतात, कधी आधीच उचलतात, आणि ठेका मात्र आपल्या जागी शांत चालत राहतो. ठुमरी-भावगीत ऐकणाऱ्याला हा खेळ परका नाही. त्यांच्या 'ट्रिगर' नावाच्या गिटारचं छायाचित्र जवळ ठेवा. ती नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची गिटार ते नखी घेऊन वाजवतात आणि घासून घासून तिच्या लाकडाला भोक पडलं आहे. छायाचित्र हातोहात फिरलं पाहिजे, त्यानंतर गाणं आणखी जवळून ऐकलं जातं.

पाच मात्रांसाठी झुबिन मेहता. गुस्ताव होल्स्ट यांच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला पहिला भाग 'मार्स', लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरचं १९७१चं मुद्रण. मेहता यांनी हीच रचना पुढं न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाबरोबरही मुद्रित केली आहे, म्हणून शोधताना वाद्यवृंदाचं नाव तपासा. सुमारे सात मिनिटांचा हा भाग बहुतांशी पाचच्या मापात चालतो. सुरुवातीला तंतुवाद्यांचे वादक गजाची लाकडी बाजू तारांवर आपटतात आणि कोरडी टकटक ऐकू येते. ती अशी मोजा: पहिल्या मात्रेत तीन झटपट ठोके, दुसरीत आणि तिसरीत एकेक, चौथीत दोन ठोके, पाचवीत एक. टेबलावर बोटानं आधी वाजवून दाखवा. श्रोत्यांना एकदा तो नमुना पकडता आला की मग वाद्यवृंद कितीही उसळला तरी ते हरवत नाहीत. इथंच मेहता यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगा: वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि त्या घरात वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला. मुंबईच्या माणसाला हे ऐकून अभिमान वाटतोच, आणि वाटावा.

सहा मात्रांसाठी अल्लारखा आणि अमेरिकी ड्रमवादक बडी रिच यांचा १९६८चा अल्बम 'रिच आ ला रखा'. त्यातलं दादऱ्यातलं द्वंद्व लावा. आधी 'धा धी ना, धा ती ना' सगळ्यांकडून म्हणवून घ्या. जाझच्या ड्रमवाल्याला आपल्या ठेक्यात वाजवताना ऐकलं की मघाच्या चुटकीची आठवण कुणीतरी काढतंच.

आणि शेवटी सोळा. अल्लारखा यांचं तीनतालातलं एकल वादन, निदान पंधरा मिनिटं, न तोडता. नवख्या श्रोत्याला एकच गोष्ट सांगा: तबल्याकडं नको, लेहऱ्याकडं कान द्या. सारंगीवर किंवा पेटीवर तीच सुरावट फिरून फिरून येत असते, तिची पहिली जागा म्हणजे सम. बोटांच्या पेरांवर चार-चार करून मोजा. पंजाब घराण्याच्या या वादकाचं हिशेबावरचं प्रभुत्व जेव्हा तिहाई, म्हणजे लागोपाठ तीनदा वाजवलेला तुकडा, बरोबर समेवर येऊन पडते तेव्हा कळतं, आणि तीन-चार-पाच-सहा मोजून तयार झालेली खोली त्या समेला एकदम दाद देते. या शेवटासाठीच मी तबला मागं ठेवते.

सहावी पायरी: बोलणं

प्रत्येक तुकड्याआधी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. त्यांतलं एक मिनिट माणसाबद्दल, दुसरं 'आता काय ऐकायचं' याबद्दल. चरित्रातली एकच गोष्ट निवडा, पण ती डोळ्यांसमोर उभी राहील अशी. एलिंग्टन यांच्यासाठी मी व्हाइट हाउसची निवडते: २९ एप्रिल १९६९ला त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना तिथं बोलावून राष्ट्राचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. भारताशी नातं सांगायचं असेल तर त्यांचा १९६३चा दौरा आहे. त्या प्रवासाच्या आठवणीतून पुढं 'फार ईस्ट सूट' झाला, आणि त्यात दिल्लीच्या मैनेची शीळ क्लॅरिनेटवर ऐकू येते. वेळ उरला तर तो तुकडा जादा म्हणून ठेवा.

अल्लारखा यांच्याबद्दल बोलताना तरुणांना फक्त 'झाकिरभाईंचे वडील' एवढंच ठाऊक असतं. ए. आर. कुरेशी या नावानं त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं, आणि ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत ते गेले तेव्हापासून त्या दिवशी मुंबईत त्यांच्या स्मरणार्थ मैफल होते, हे जरूर सांगा.

वाजत असताना मध्ये बोलू नये. मुद्दा सुटला तर तुकडा संपल्यावर पुन्हा लावा.

सातवी पायरी: यंत्र, आवाज, परवाना

मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा घुमारा येतच नाही, तेव्हा दोन बरे स्पीकर हवेतच. १९४०चं मुद्रण बारीक आणि १९७१चं 'मार्स' दणदणीत वाजतं. प्रत्येक तुकड्याची आवाजाची पातळी आदल्या दिवशी ठरवून कागदावर लिहा. इंटरनेटवर शोधताना गाण्याच्या नावाबरोबर साल आणि सहवादकांची नावं बघा, कारण लोकप्रिय चाली कलावंतांनी पुन्हा पुन्हा मुद्रित केलेल्या असतात.

घरात ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकीट लावून किंवा व्यावसायिक जागेत वाजवायचं असेल तर मुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस या परवाने देणाऱ्या संस्थांकडं चौकशी आधी करा. भारतात मुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. एलिंग्टन १९७४ मध्ये वारले, म्हणून जुनी तबकडी मोकळी झाली तरी चाल २०३४ सरेपर्यंत मोकळी होत नाही.

आठवी पायरी: नोंद आणि पुढची तारीख

बैठक झाल्यावर त्याच रात्री वहीत तारीख, नावं, आधार, मुद्रणाचं साल आणि मिनिटं लिहून ठेवा. कुठल्या तुकड्याला लोक पुढं सरकून बसले आणि कुठं चुळबुळ झाली तेही लिहा. पुढच्या वेळी क्रम लावताना याचा फार उपयोग होतो.

पुढची तारीख शक्यतो याच बैठकीतून निघावी. विली नेल्सन यांनी लिहिलेलं 'क्रेझी' हे गाणं १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन यांनी गायलं. क्लाइन यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३२चा. ती तारीख उघडली की आशा भोसले समोर येतात (१९३३), भूपेन हजारिका (१९२६), चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक (१८४१) आणि अमेरिकेत यॉडलिंग घरोघरी नेणारे जिमी रॉजर्स (१८९७). एवढी नावं आली की पडताळणीला बसायचं, आणि आशाताईंचं कुठलं गाणं क्लाइन यांच्या 'क्रेझी'शेजारी ठेवायचं यावर मंडळात वाद घालायला तोपर्यंत भरपूर वेळ असतो.